दुचाकीचे बदललेले ब्रेक लाईट : कायदा आणि खानदेशातील वापर

मोटारसायकलचा कंपनीचा मागचा दिवा काढून बाजारातला दुसरा बसवणे किंवा जोडीला एलईडीची पट्टी लावणे याला भारतात सरसकट बंदी नाही. मात्र नवा दिवा मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या चौकटीत बसला पाहिजे. दिव्याचा तपशील आरसीवर नसतो. त्यामुळे इंजिन किंवा रंग बदलताना लागू होणारे कलम ५२ इथे सहसा आड येत नाही. प्रश्न असतो तो सुरक्षिततेच्या मानकांचा.

पहिली अट रंगाची. नियम १०८ नुसार गाडीच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा प्रकाश दिसता कामा नये. पिवळा इंडिकेटर आणि नंबर प्लेटवरचा पांढरा दिवा यांना सूट आहे. निळे, हिरवे किंवा रंग बदलणारे ब्रेक लाईट म्हणूनच बेकायदा ठरतात. नियम १०५ नुसार अंधारात मागचा लाल दिवा दुरून स्पष्ट दिसावा आणि नंबर १५ मीटरवरून वाचता यावा. काळसर काचेचा दिवा दुरून दिसण्याच्या अटीत नापास होऊ शकतो. मागचा मडगार्ड कापून आखूड पट्टी लावली, की नंबर प्लेटचा दिवाच जातो आणि नंबर वाचता येण्याची अट मोडते.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचे खूळ सर्वांत घातक आहे. दुचाकीवरील दिव्यांच्या एआयएस-००९ या मानकात लुकलुकण्याची मुभा मुख्यतः इंडिकेटरला आहे. ब्रेक लाईट स्थिर जळायला हवा. तो टेल लॅम्पपेक्षा, म्हणजे मागे सतत जळणाऱ्या मंद लाल दिव्यापेक्षा, ठळक उजळही हवा. जुन्या २१/५ वॅटच्या बल्बमध्ये ब्रेकला २१ आणि टेलला ५ वॅट असा फरक बांधलेलाच असे. स्वस्त एलईडीत तो फरक पुसला जातो आणि गाडी थांबते आहे की नुसती चालली आहे, हे मागच्याला कळत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. बहुतेक गाड्यांत टेल लॅम्पही सोबत लागत असल्याने हा फरक आता भर दिवसाही महत्त्वाचा आहे.

खानदेशात याचे मोल अधिक. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. रावेर-यावलहून केळी भरून निघालेले ट्रक, कापसाच्या आणि उसाच्या ट्रॉल्या, चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले भाविक आणि दुचाकीस्वार एकाच रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागे दिवाच नसला, तर दुचाकीस्वाराला ऐनवेळी ब्रेक दाबावा लागतो. त्या क्षणी त्याच्या मागच्या ट्रकचालकाला सावध करणारा एकमेव इशारा म्हणजे हा दिवा. त्याच्याशी हौसेखातर खेळणे समर्थनीय नाही.

शिक्षेची तरतूद कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय चालक तीन महिन्यांसाठी लायसन्स बाळगण्यास अपात्र ठरतो.

दिवा घेताना त्यावर मान्यतेची खूण आहे का, हे पाहावे. फिटरला मूळ वायर कापू न देता कंपनीच्याच कपलरमध्ये (वायर जोडण्याच्या प्लगमध्ये) जोड द्यायला सांगावे. बसवल्यावर अंधारात गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि हाताचा व पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबून उजेड वाढतो का ते बघावे. काढलेला मूळ दिवा मात्र भंगारात देऊ नये. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करताना धुळे (एमएच-१८), जळगाव (एमएच-१९) किंवा नंदुरबार (एमएच-३९) येथील परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होते आणि नियमबाह्य दिवा तिथे अडतो.