पार्श्वभूमी : अभयारण्याच्या दारातली इमारत आणि गोव्याचा चिरा

मोले किंवा खोतीगावच्या जंगलात शिरण्याआधी निसर्ग माहिती केंद्र लागते. असे नवे केंद्र पर्यावरणपूरक हवे, यावर आता कुणाचे दुमत नाही. आराखड्यात मग ठरलेले चित्र येते : उघडा चिरा म्हणजे जांभा दगड, वर कौले. हे गोव्याचे परंपरागत रूप म्हणून खपते. ते अर्धेच खरे.

चिरा इथलाच, यात वाद नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पितो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात म्हणूनच भिंतीला चुन्याचा गिलावा करीत आणि पागोळ्या दूर पडाव्यात म्हणून छप्पर चांगले बाहेर काढीत. गिलावा नसला की काय होते, ते जुन्या गोव्यात जाऊन पाहावे. १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझुस बासिलिका या चर्चचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला आणि तेव्हापासून तिथला चिरा झिजतो आहे. फोटोत मात्र तो लाल रंग झकास येतो, आणि हल्लीच्या उघड्या भिंतींची आवड बरीचशी त्या फोटोंतूनच आली असावी, असे मला वाटते.

मंगळुरी कौलेही वाटतात तेवढी जुनी नाहीत. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधी नळीची कौले किंवा गवत आणि झावळ्या. आणि मोलेच्याच रानातले तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर? ते तर चिऱ्याचे नाहीच. त्याचा काळा पाषाण घाटावरून आणला असावा, असे मानतात.

जुन्या घराकडून दगडापेक्षा हवा-पावसाची जाण घ्यायची. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी पणजीच्या कला अकादमीत (१९८३) ती घेतली. तिथे दार लोटून आत जावे लागत नाही. मोकळ्या, सावलीच्या जागेतून माणूस चालत मांडवीच्या काठावर पोहोचतो, वारा आपोआप खेळतो. माहिती केंद्रालाही एवढे पुरे : खोल पडवी, आरपार वारा, एसीविना भागणारा हॉल.

चिऱ्याची किंमतही धरायला हवी. डोंगर खणून काढलेल्या खाणी सोडून दिल्या की पावसात त्यांचे खोल खड्डे पाण्याने भरतात. जुन्या पडक्या घरांचा चिरा पुन्हा वापरणे त्यापेक्षा कधीही बरे.

खरा प्रश्न जागेचा. मोले आणि बोंडला १९६९ साली, म्हादई आणि नेत्रावळी १९९९ साली अभयारण्ये झाली. वन्यजीव कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने अभयारण्यात व्यापारी पर्यटक निवास आणि हॉटेले बांधायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वपरवानगी सक्तीची केली. माहिती केंद्र त्या यादीत नाही. तरी ते फाटकाबाहेर, आधीच मोकळ्या झालेल्या जमिनीवर बांधले, तर आत नवा रस्ता, विजेच्या तारा आणि पार्किंग न्यावे लागत नाही.