पार्श्वभूमी: कुत्र्याचा क्रेट घरात आला कसा

क्रेट, म्हणजे कुत्र्याला आत ठेवायचा दाराचा पिंजरा, मुळात प्रवासाची वस्तू. रेल्वेने, विमानाने, डॉग शोला कुत्रा न्यायचा तर खोका लागायचाच. घरी ट्रेनिंगसाठी तो वापरायची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजली. पुण्यात वाड्यांमध्ये कुत्रा दिवसा साखळीला आणि रात्री अंगणात मोकळा, त्यामुळे इथे त्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

खरा वाद आहे तो गुहेचा. कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडगा गुहेत राहतो, म्हणून क्रेट म्हणजे त्याची नैसर्गिक गुहा, असं आजही कितीतरी ट्रेनर सांगतात. पण लांडग्याची मादी गुहा वापरते ती व्यायला आणि पिल्लं लहान असेपर्यंत, ८-१० आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात आणि मग कळप उघड्यावरच झोपतो, शिवाय त्या गुहेला दार नसतं. आपल्या गल्लीतली कुत्रीसुद्धा व्यायला झाली की गाडीखाली नाहीतर बांधकामाच्या पाइपात जागा शोधते, एरवी वाळूच्या ढिगाऱ्यावर मस्त पसरलेली असते. क्रेटचा उपयोग होतो तो वेगळ्या कारणाने, पिल्लू झोपायच्या जागी शक्यतो घाण करत नाही, म्हणून शी-शूची सवय लवकर लागते. पण लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावंच लागतं, आणि हाच भाग गुहेच्या गोष्टीत गळून जातो.

स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्रा पिंजऱ्यात कोंडून ठेवायला कायद्यानेच मनाई आहे, प्रवास वगैरे अपवाद सोडून. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ प्रमाणे हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि सतत कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं पण. क्रेट असा शब्द त्यात नाही, पण लागू होतंच ना.

पुण्यात क्रेट घरोघरी दिसायला लागला तो हिंजवडी-खराडीच्या फ्लॅट संस्कृतीबरोबर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बऱ्याच घरांत पिल्लं आली, मग ऑफिसं सुरू झाली आणि माणूस जाऊन-येऊन दहा तास बाहेर. तेव्हापासून क्रेट ट्रेनिंगचा अर्थच बदलून दिवसभर कोंडणं असा झालाय. खरं तर दार उघडं, आत चादर, खाऊ, कुत्रा आपणहून जाऊन झोपतो, हे ट्रेनिंग. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतात ते कोंडणंही समजू शकतं. एप्रिलच्या उकाड्यात बाल्कनीत क्रेट ठेवून दिवसभर कडी लावणं हे मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये बसत नाही.