संकरित कपाशीचे अर्थशास्त्र (विदर्भ)

नवे तंत्र किती वेगाने पसरते आणि त्याचा लाभ ते काढणारी कंपनी, विक्रेता व वापरणारा यांच्यात कसा वाटला जातो, हे दोन प्रश्न नवतंत्राच्या अर्थशास्त्रात मध्यवर्ती आहेत. पहिल्याला तंत्रप्रसार आणि दुसऱ्याला लाभग्रहण म्हणतात. विदर्भातील कोरडवाहू कपाशीत हे दोन्ही प्रश्न एकाच बियाण्याच्या पिशवीत येतात.

प्रसाराच्या अभ्यासाचा पाया मक्यावर रचला गेला. ग्रामीण समाजशास्त्रज्ञ रायन व ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांची पाहणी करून शेजाऱ्याच्या अनुभवाला महत्त्व दिले. अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिकेस यांनी १९५७ मध्ये संकरित (दोन वेगळ्या जनक वाणांच्या संकरातून मिळणाऱ्या) मक्याचा प्रसार एस-आकाराच्या वक्राने मांडला. प्रारंभाचा काळ, चढाचा वेग आणि कमाल मर्यादा असे त्याचे तीन घटक. वेग व मर्यादा मुख्यतः नफ्यावर ठरतात असे त्यांचे म्हणणे होते, तर ग्रामीण समाजशास्त्रज्ञांना ते अपुरे वाटले. हा वाद पुढे दोन्ही बाजूंनी सौम्य झाला. ग्रिलिकेस यांचा अधिक टिकाऊ निष्कर्ष मात्र पुरवठ्याविषयी आहे. एखाद्या प्रदेशासाठी योग्य वाण केव्हा तयार होईल, हे तेथील बाजारपेठ बियाणे कंपन्यांना किती किफायतशीर वाटते यावर अवलंबून असते. हलक्या जमिनीच्या कोरडवाहू पट्ट्याबद्दल बोलताना हा मुद्दा विसरता येत नाही.

भारतात एच-४ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कपाशी वाण १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी दिला. संकरित सरकी हाताने तयार होते. मादी झाडाच्या उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर दुपारनंतर काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग तिला लावतात. हे काम प्रत्येक फुलावर करावे लागते. म्हणूनच मजुरी महाग असलेल्या देशांत संकरित कपाशी फारशी रुजली नाही.

बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारक विष झाडातच तयार करणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीला, मार्च २००२ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. विदर्भातील प्रसाराचा आरंभ याच वर्षापासून धरण्याचा प्रघात आहे. तथापि गुजरातेत २००१ मध्येच बिनमंजुरीची बीटी कपाशी उघडकीस आली होती, त्यामुळे हे वर्ष काटेकोर मानू नये. दोन जनुकांची दुसरी पिढी २००६ मध्ये आली.

चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे हे जनुक प्रामुख्याने सरळ वाणांत (ज्यांचे बियाणे घरी राखून पुन्हा पेरता येते) आले, भारतात ते जवळजवळ केवळ संकरित वाणांत आले. भारतीय पेटंट कायदा वनस्पती व बियाण्यांना पेटंट देत नाही आणि २००१ चा पीक वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बियाणे राखून ठेवू देतो. संकरित वाणाची घरची सरकी पेरली तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. त्यामुळे पिशवी दर हंगामात कृषी सेवा केंद्रातूनच घ्यावी लागते. कायद्याने न मिळणारे संरक्षण इथे जीवशास्त्राने दिले. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पिशवीची किंमत सोळाशे रुपयांच्या पुढे होती. आंध्र प्रदेशाने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे धाव घेतल्यावर २००६ मध्ये ती ७५० रुपयांपर्यंत उतरली. २०१६ पासून केंद्र किंमत ठरवते. दुसऱ्या पिढीच्या पिशवीला त्या वर्षी ८०० आणि २०१८ मध्ये ७४० रुपये दर होता.

पिशवीच्या किमतीने झाडांची संख्याही ठरवली, याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. ९० × ६० सें.मी.वर टोबल्यास एकरी सुमारे ७,५०० झाडे बसतात. ४५० ग्रॅममध्ये ढोबळमानाने ५,००० सरकी धरली तर दीड पिशवी लागते. ९० × १५ सें.मी.च्या सघन लागवडीला एकरी ३०,००० झाडे, म्हणजे सहा पिशव्या लागतील. २०१८ च्या दराने हा खर्च ४,४४० रुपये होतो. सरळ वाणाची सरकी घरची असल्याने एका ठिकाणी दोन-तीन टाकून नंतर विरळणी करता येते. महागडे बियाणे एकेकच टोबतात. मग पावसाने ओढ दिली की खांडण्या (न उगवल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा) पडतात, त्या भरायला पुन्हा पिशवी आणि कधी दुबार पेरणी. विरळ, मोठी वाढणारी पऱ्हाटी (कपाशीची झाडे) बोंडांची संख्या गाठण्यासाठी जास्त दिवस शेतात राहते. पाऊस ऑक्टोबरच्या आसपास संपतो, तेव्हा हलक्या जमिनीत नेमकी बोंडे भरण्याच्या वेळी ओल तुटते.

उत्पादनवाढीबाबत मतभेद तीव्र आहेत. कैम व झिल्बरमन यांनी २००३ मध्ये प्रक्षेत्र चाचण्यांवरून ८० टक्के वाढ सांगितली. काथागे व कैम यांनी २०१२ मध्ये चार राज्यांतील शेतकऱ्यांच्या पाहणीतून ती २४ टक्के मांडली. क्रांती व स्टोन यांनी २०२० मध्ये वाढीचे बरेचसे श्रेय खते, सिंचन व इतर कीटकनाशकांना दिले. कोरडवाहू विदर्भापुरते पाहता शेवटची मांडणी अधिक सावध, म्हणून अधिक उपयोगी वाटते.

गुलाबी बोंडअळीचा प्रश्नही वाणाच्या स्वरूपाशी जोडलेला आहे. दोन्ही जनुके एकाच जनकाकडून आलेली असल्यास बोंडातील सुमारे सोळावा भाग सरकी विषाविना, तर बरीच सरकी एकाच विषाची असते. अळी सरकीच खाते, त्यामुळे विष पचवू शकणाऱ्या प्रतिकारक अळ्याच टिकून वाढतात. दीर्घ मुदतीचे वाण आणि फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवणे) यांमुळे तिला खाद्यही लांबवर मिळते. शेताभोवती नॉन-बीटीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते, असा आश्रयाचा नियम होता, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही तेथे टिकून प्रतिकार लवकर पसरू नये. त्यासाठी १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे, पण ती बहुधा पेरली जात नसे. नुकसान त्या शेतकऱ्याचे आणि फायदा साऱ्या शिवाराचा, अशी तिची रचना होती. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. आता एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावतात आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आल्यास फवारणीचा निर्णय घेतात. डोमकळ्या (अळी शिरल्याने नीट न उमललेली फुले) वेचून नष्ट करणे व डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटणे हे उपाय स्वस्त आहेत, पण साऱ्या गावाने एकत्र केले तरच लागू पडतात.

पूर्व विदर्भातील धानाची स्थिती उलट आहे. भात स्वपरागित असल्याने, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळत असल्याने, घरचे बियाणे तसेच उगवते व हातोहात पसरते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी धान असाच गावोगाव गेला, पण निवडणाऱ्याला विक्रीतून हिस्सा मिळण्याची सोय त्यात नव्हती.