आत्मपर लेखन (बेळगाव सीमाभाग)

आत्मपर लेखन : स्वतःच्या अनुभवांविषयी, मुख्यतः स्वतःसाठीच केलेले लेखन. रोजनिशी, न पाठवलेले पत्र, वहीच्या मागच्या पानावरची कविता, आठवणींचे टिपण हे सगळे त्यात येते. लिहिताना समोर वाचक नसतो, त्यामुळे कुणाला पटवायचे नसते आणि कुणापासून झाकायचेही नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, हल्याळ, भालकी या कर्नाटकातील सीमाभागात राहणाऱ्या मराठी भाषकांच्या बाबतीत या लेखनाला एक जास्तीचा अर्थ आहे. तिथे माणसाचा दिवस दोन-तीन भाषांत वाटलेला असतो.

आपल्याला काय वाटते ते आधी कळते आणि मग आपण ते कागदावर उतरवतो, असा समज असतो. पुष्कळदा उलटे घडते. मनात राग, अपराधीपणा आणि भीती एकमेकांत गुंतलेले असतात. वाक्य लिहायचे म्हटले की कुणी काय केले हे ठरवावेच लागते. समजा, जमिनीच्या वाटणीवरून भावाशी अबोला धरलेला माणूस लिहायला बसला. ‘दादानं माझा हिस्सा खाल्ला’ हे वाक्य झटकन येते. दोन पाने पुढे गेल्यावर ‘आईच्या आजारपणात मी पुण्याला होतो, सगळं त्यानंच बघितलं’ असेही त्याच हाताने लिहिले जाते. आता पहिले वाक्य होते तसे ठेवणे अवघड जाते. बोलण्यात ही संधी क्वचित मिळते, कारण ऐकणारा मध्येच बाजू घेतो आणि बोललेले मागे जाऊन वाचता येत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये अशा लेखनाच्या परिणामाची पहिली महत्त्वाची चाचणी प्रसिद्ध केली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लिहिले. काहींनी किरकोळ विषयांवर, तर काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगावर. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून उठताना जास्तच वाईट वाटत होते. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतं’ अशा अर्थाचे शब्द ज्यांच्या लेखनात दिवसागणिक वाढत गेले त्यांना अधिक लाभ झाला, असे पेनेबेकर यांना नंतरच्या अभ्यासांत दिसले. पुढे १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये निघाला, त्यात हा परिणाम खरा पण लहान ठरला. तेव्हा लेखन हे औषध नव्हे. तीच तक्रार त्याच शब्दांत रोज लिहिल्याने जखम उलट ओली राहते, आणि दुःख असह्य असेल तर डॉक्टरकडे जावे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

या भूमीला ही रीत नवी नाही. आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे बाराव्या शतकातील शरणांचे, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतील भक्तांचे केंद्र. तिथे नाना व्यवसायांतल्या स्त्री-पुरुषांनी रोजच्या कन्नडमध्ये, स्वतःच्या जगण्यातून वचने रचली. सतराव्या शतकात तुकाराममहाराजांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी अभंगांतून आत्मचरित्र सांगितले. तुकोबांच्या अभंगात शेवटी येणारे ‘तुका म्हणे’ इथे विशेष लक्षात घ्यावे. कवी ‘मी’ सोडून स्वतःकडे नावाने पाहतो. स्वतःला नावाने संबोधून विचार केला की अस्वस्थता कमी होते, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधील प्रयोगांत आढळले. ज्यांना ‘मी’ने सुरुवात करवत नाही त्यांनी ही जुनी वाट जरूर धरून पाहावी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेत शिकण्याच्या सोयीचे आश्वासन दिले आहे, आणि मराठी प्राथमिक शाळा आजही चालतात. तरीही जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, पुढचे शिक्षण बहुधा इंग्रजीत आणि बाजार दोन्ही भाषांत, अशी वाटणी झाली आहे. घरात अस्खलित मराठी बोलणारी, पण मराठीत चार ओळीही कधी न लिहिलेली मुले इथे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापाशी घरच्या माणसांचे, भांडणांचे, मायेचे सगळे शब्द आहेत आणि ते कागदावर कधी आलेलेच नाहीत. हे नुकसान निव्वळ भाषेचे मानणे चूक आहे.

दुसरा अडसर प्रमाणभाषेचा. बेळगावकडे ‘काय करूलालास?’ (काय करतो आहेस?) असे विचारतात आणि बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. शाळेत हे लाल शाईने खोडले जाते, म्हणून वही उघडली की माणूस पुस्तकी होतो आणि वाक्यातून स्वतः निघून जातो. अर्ज-निबंधात प्रमाणभाषा हवीच. स्वतःच्या वहीत मात्र एखाद्या बाईने ‘मी लई रडलो’ असे लिहिले, तर ते अगदी बरोबर आहे; तिथे शुद्धलेखन तपासायला कुणी बसलेले नाही.

सुरुवातीला वेगळ्या वहीचीही गरज नसते. पुष्कळ घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, म्हैस भरवल्याचा दिवस टिपलेला असतो. त्याच चौकोनात ‘आज कुणाशी बोलू वाटलं नाही’ एवढे लिहिले तरी ते आत्मपर लेखनच. एकत्र कुटुंबातल्या सुनेला वही लपवायला जागा नसते, ही अडचण मात्र खरी आहे. लिहून फाडून टाकलेला कागदही लिहिणाऱ्याचे काम करून गेलेला असतो.

बेळगावात दीर्घकाळ राहिलेल्या इंदिरा संत (१९१४–२०००) यांच्या कवितेत १९४६ मध्ये झालेल्या पतीच्या निधनाचे दुःख पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी वेगळ्या अंगाने. शहरात १९२९, १९४६ आणि २००० या वर्षी मराठी साहित्य संमेलने भरली. तालुक्यातल्या कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतही साहित्य संमेलने होतात. वहीतली कविता आपल्याच माणसांसमोर वाचायला गावातच मंच मिळतो, आणि ऐकणाऱ्यांना त्यातली बोली समजावून सांगावी लागत नाही.