एकटं असलं की जास्त का दुखतं, ह्या प्रश्नामागची गोष्ट

माझ्या आत्याला गेल्या पावसाळ्यात नागीण झाली, उजव्या बरगडीखाली. फोड सुकले, खपल्या पडल्या पण ठणका जाईना, अंगावरचा कपडा घासला तरी कळ यायची. गिरगावातली चाळ सुटल्यापासून ती बोरिवलीला अकराव्या मजल्यावर एकटी राहते, रात्री अडीचला फोन यायचा, अगं आता सहन होत नाहीये. मग गणपतीत ती चार दिवस गिरगावात जुन्या शेजारणीकडे राहायला गेली. गोळ्या त्याच, डोस तोच. तिथे बायका खाली बसून मोदकांसाठी नारळ खवत होत्या आणि आत्या मधे बसून वेलची सोलत होती, तासभरात तिचा हात एकदाही बरगडीकडे गेला नाही, मी समोरच होते. दुखत होतं का विचारलं तर म्हणाली, "दुखत होतं गं, पण एवढं नाही." डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग मनाचंच आहे सगळं. आत्याचा चेहरा एवढासा झाला. मला फार राग आला, म्हणून वाचायला लागले, आणि जे सापडलं ते इथे लिहितेय.

"मनाचं आहे" ह्या म्हणण्यामागे एक फार जुनं चित्र आहे. 17व्या शतकात देकार्त ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाने असं मांडलं की पाय विस्तवाजवळ गेला की नसेतून निरोप वर मेंदूत जातो, इकडे दोरी ओढली की तिकडे घंटा वाजते तसा. म्हणजे जेवढी इजा तेवढं दुखणं, आणि इजेपेक्षा जास्त दुखत असेल तर माणूस नाटक करतोय किंवा कल्पना करतोय. हे चित्र जवळजवळ तीनशे वर्षं डॉक्टरांच्या डोक्यात बसलं होतं.

त्याला मोठा तडा गेला दुसऱ्या महायुद्धात. हेन्री बीचर हा अमेरिकन डॉक्टर इटलीच्या आघाडीवर जखमींना विचारत होता की दुखण्यावर औषध देऊ का, आणि गंभीर जखमा असूनही साधारण चारातले तीन जण नको म्हणाले. हे त्याने 1946 मध्ये छापलं. त्याचं म्हणणं होतं की ह्या सैनिकांसाठी जखम म्हणजे रणातून सुटका, आता घरी जायला मिळणार, त्यामुळे तीच जखम कमी दुखते. नंतर 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनी सांगितलं की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक फाटक असल्यासारखं आहे, खालून आलेला निरोप पुढे किती सोडायचा ते तिथे ठरतं आणि मेंदूसुद्धा वरून ते फाटक कमी-जास्त उघडू शकतो. भीती, लक्ष, धीर ह्या सगळ्याला शरीरात जागा मिळाली ती इथे. माझ्या मते आत्याच्या डॉक्टरांना द्यायचं उत्तर खरं तर इथेच संपतं, मनाचं असलं तरी ते शरीरातच घडतं.

पण एकटेपणाचा धागा वेगळीकडून आला, प्राण्यांच्या प्रयोगांतून. 1970 मध्ये असं दिसलं होतं की बरेच दिवस एकटे ठेवलेल्या उंदरांवर मॉर्फिनचा, म्हणजे अफूपासून काढलेल्या वेदनाशामकाचा, असर कमी होतो. पुढे 1973 मध्ये मेंदूत अफूजन्य औषधांना धरणाऱ्या जागा सापडल्या, 1975 मध्ये शरीर स्वतःच बनवतं ती तशीच रसायनं सापडली. मग याक पँकसेप ह्या शास्त्रज्ञाच्या मनात आलं की आईपासून तुटलेल्या पिल्लाचं रडणं हेही एक प्रकारचं दुखणंच असेल तर? 1978 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकट्या ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मॉर्फिनचा अगदी छोटा डोस दिला, झोप येईल एवढाही नाही, आणि त्यांचं केविलवाणं ओरडणं कमी झालं. त्याचा अंदाज असा की सस्तन प्राण्याचं पिल्लू आईशिवाय जगतच नाही, म्हणून निसर्गाने दुरावल्याचा इशारा आधीपासून असलेल्या वेदनेच्या यंत्रणेलाच जोडून दिला. हे वाचताना मला रात्री अडीचचे फोनच आठवत होते.

माणसांवरचा गाजलेला प्रयोग 2003 चा, नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांचा. माणूस मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या मशीनमध्ये झोपून कॉम्प्युटरवर चेंडू टाकायचा खेळ खेळतो, थोड्या वेळाने बाकीचे दोघं आपापसातच चेंडू टाकायला लागतात, ह्याच्याकडे येतच नाही, आणि तेव्हा मेंदूचा जो भाग जास्त काम करताना दिसला तो शारीरिक वेदनेतही काम करतो. मग "तुटलेलं मन आणि तुटलेलं हाड एकच" असल्या बातम्या झाल्या, पण ते जरा जास्तच होतं, कारण 2014 मध्ये दुसऱ्या एका गटाने बारकाईने बघितल्यावर भाग तोच असला तरी त्याच्यातल्या कामाची नक्षी वेगळी निघाली. म्हणून एकटं वाटलं की पॅरासिटामोल घ्या असा अर्थ कुणीही काढू नका, जास्त झाली तर लिव्हरची वाट लागते.

आणि गोष्ट सरळ रेषेत जातही नाही. 2006 मध्ये डीवॉल आणि बाउमायस्टर ह्या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना सांगितलं की तुमच्या स्वभावावरून दिसतंय की पुढे तुम्ही एकटे पडाल, आणि त्या लोकांना वेदना जास्त नाही तर कमी जाणवली, बधिर झाल्यासारखी. म्हणजे अचानक बसलेला धक्का सुन्न करू शकतो. वर्षानुवर्षांचा एकटेपणा निराळा, त्यात झोप बिघडते, शरीरातली सूज वाढवणारी यंत्रणा सारखी चालू राहू शकते, आणि जास्त एकट्या लोकांना पुढे दुखणं आणि थकवा जास्त जाणवतो असं लिसा जरेम्का आणि सहकाऱ्यांच्या कामात 2013-14 च्या सुमारास दिसलं.

सोबतीचा पुरावा मला सगळ्यात पक्का वाटतो तो बाळंतपणातला. ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये चारशेच्या वर पहिलटकरणींवर अभ्यास झाला, 1991 मध्ये छापून आला. ज्यांच्याजवळ पूर्ण वेळ एक बाई हात धरून, धीर देत बसली होती त्यांच्यातल्या सिझर किंवा चिमटा न लागता बाळंत झालेल्यांत एपिड्यूरलचं, म्हणजे कळा कमी करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनचं, प्रमाण साधारण 8 टक्के, आणि सोबतीशिवाय नेहमीच्या पद्धतीने ज्यांची तशीच बाळंतपणं झाली त्यांच्यात 55. सोबतीला बसलेल्या बाईने औषध काहीच दिलं नव्हतं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी जवळची एक बाई सोबत ठेवायला केंद्राने 2016 मध्ये मुभा दिली, त्याआधी घरच्यांनी बाहेर थांबा हाच नियम आपण ऐकत आलोय.

मरणाच्या वाटेवरच्या दुखण्याबद्दल लंडनच्या सिसिली साँडर्स 1960 च्या दशकापासून सांगत होत्या की कॅन्सरचं दुखणं शरीराचं, मनाचं, नात्यांचं असं सगळं मिळून एक असतं, 1967 मध्ये त्यांनी त्यासाठी हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा, काढलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईतच, वांद्र्याला, शांती आवेदना सदन, 1986 चं. तिथे गोळ्या-इंजेक्शनं तर आहेतच, पण बरं होणार नाही हे माहीत असलेल्या माणसाजवळ बसणं हेसुद्धा उपचारातच धरलेलं आहे.

आत्याने डॉक्टर बदलले, नव्या डॉक्टर बाईंनी नसांच्या दुखण्याची वेगळी गोळी दिली आणि घरी कोण कोण असतं हेही आधी विचारलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती लोकलने चर्नी रोडला उतरून शेजारणीकडे जाते, संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत परत येते. ठणका गेलेला नाही, फोन अजून येतात, पण हल्ली ते अकराच्या आत येतात.