उपप्रश्नाची ताकद: उद्योग, रोजगार आणि विजेबद्दल सरकारला जाब विचारण्याची परंपरा

अधिवेशन सुरू असताना विधान भवनात रोज सकाळी तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणाऱ्या प्रश्नोत्तरांची यादी हातात पडते. तिची भाषा पहिल्यांदा वाचणाऱ्याला रुक्ष वाटते. अमुक औद्योगिक वसाहतीतील कारखाना बंद पडून कामगारांची देणी थकली आहेत, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उजव्या बाजूला मंत्र्यांची उत्तरं असतात: "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही".

या चौकटीत सरकारची एकेक पळवाट बंद केलेली असते. आधी घटना मान्य करा, मग ती तपासली का ते सांगा, तपासली तर काय केलं ते सांगा, आणि काहीच केलं नसेल तर का नाही याचं कारण द्या. हे छापील उत्तर मिळालं की खरा खेळ सुरू होतो, कारण त्यावर सभागृहात उभं राहून उपप्रश्न विचारता येतो. त्याचं उत्तर मंत्र्याच्या हातात आधीपासून तयार नसतं. हा अधिकार पूर्णपणे मिळवायला मुंबईतल्या विधिमंडळाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

उद्योग, रोजगार आणि वीज या विषयांत तर प्रश्नाला फार मोठी किंमत आहे. इथले मोठे निर्णय विधेयकाच्या रूपाने सभागृहासमोर येतातच असं नाही. वीजखरेदीचा करार पूर्वी राज्य वीज मंडळ करायचं, आता वीज कंपनी करते, कारखान्यांच्या सवलती शासन निर्णयातून निघतात, जमिनीचे नियम अधिसूचनेने बदलतात. १९६४पासून राज्यात चालत आलेली सामूहिक प्रोत्साहन योजना घ्या. कोणत्या भागात कारखाना काढला तर किती सवलत मिळेल, हे शासन निर्णयाने ठरतं. विधेयकच नाही म्हटल्यावर त्यावर कलमवार चर्चा कुठून होणार? आमदाराला शिरायला उरतात ती दारं म्हणजे प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्ध्या तासाची चर्चा आणि अर्थसंकल्पातल्या मागण्या.

संसदीय प्रश्नाची पहिली नोंद १७२१ची, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधली. ती एका कंपनीबद्दलच आहे. साउथ सी कंपनीचे शेअर कोसळून हजारो लोक बुडाले होते आणि तिचा खजिनदार रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला होता. तो खरोखर पळाला का, पकडला गेला का, अशी विचारणा अर्ल काउपर यांनी सरकारकडे केली. पैसे बुडवून परदेशी पसार झालेल्या माणसाबद्दल सरकारला काय ठाऊक आहे, हा प्रश्न आपल्याकडे आजही जुना झालेला नाही.

मुंबईत कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली. सरकारने नेमलेल्या सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. पण १८६१च्या कायद्याने या मंडळाला फक्त कायदे करण्यापुरतं बोलता येत होतं, सरकारला प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता. नेमकी तीच वर्षं मुंबईच्या कापसाच्या तेजीची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे पैसा वाहत आला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५मध्ये सगळा डोलारा कोसळला. सरकारचं भागभांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. शहराच्या इतिहासातला एक मोठा आर्थिक घोटाळा टाउन हॉलच्या आसपासच्या गल्ल्यांत घडत होता, आणि टाउन हॉलमध्ये बसलेल्या सभासदांना त्याबद्दल चकार शब्द विचारता येत नव्हता.

१८९२च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण ती अर्धीच. लेखी सूचना द्यायची, उत्तर ऐकायचं आणि खाली बसायचं. फिरोजशहा मेहता, १८९५पासून लोकमान्य टिळक आणि १८९९पासून गोखले या मंडळात होते, तरी त्यांनाही उपप्रश्न विचारता येत नव्हता. १९०९च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला तो हक्क दिला. पुढे १९१९च्या सुधारणांनंतर कोणत्याही सभासदाला उपप्रश्न विचारता येऊ लागला. कागदावर हा बदल बारीक दिसतो, पण त्यामुळे मंत्र्यासमोर एकच माणूस न राहता अख्खं सभागृह उभं राहिलं.

त्याचा परिणाम मुंबईत लवकरच दिसला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२०मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोडच्या बीडीडी चाळी याच खात्याने बांधल्या. बॅकबेचा समुद्र बुजवण्याची अवाढव्य योजनाही त्याच खात्याची. भराव घालायचा आणि तो लाटांनी वाहून जायचा, खर्च मात्र वाढतच राहिला. कायदेमंडळातले वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हा विषय धरला तो सोडलाच नाही. सभागृहात आणि बाहेर त्यांनी खात्याच्या कारभाराचे वाभाडे काढले. १९२६मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खात्यातले अभियंता हार्वे यांनी नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, पण त्यातून नरिमन निर्दोष सुटले. आजचं विधान भवन ज्या नरिमन पॉइंटवर आहे, त्या भरावाच्या जमिनीला त्यांचंच नाव आहे. सरकारच्या बांधकाम व्यवहारावर प्रश्न विचारणाऱ्या लोकप्रतिनिधीचं नाव त्याच व्यवहारातून निघालेल्या किनाऱ्याला मिळणं, याहून मोठा सन्मान मला तरी सुचत नाही.

पुढे कायदेमंडळ कुलाब्याजवळच्या जुन्या सेलर्स होमच्या इमारतीत गेलं. १९८१मध्ये नवं विधान भवन होईपर्यंत विधिमंडळाचं मुंबईतलं कामकाज तिथूनच चाललं. आता तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. १९३८मध्ये बाळासाहेब खेर यांच्या सरकारने औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधी संप करणं त्याने बेकायदा ठरणार होतं. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ला गिरणगावात एक दिवसाचा संप झाला. रोजगाराच्या प्रश्नावर सभागृह आणि रस्ता एकाच वेळी बोलतात, हे मुंबईने तेव्हापासून पाहिलं आहे.

दिल्लीतलं एक उदाहरण टाळता येणार नाही, कारण त्याचं मूळ मुंबईत मुख्यालय असलेल्या आयुर्विमा महामंडळात आहे. १९५७मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. लोकसभेत आधी विचारलेल्या प्रश्नांना सरकारने गुळमुळीत उत्तरं दिली. फिरोज गांधी यांनी ती उत्तरंच हातात घेऊन डिसेंबरमध्ये हल्ला चढवला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. टाळाटाळीचं उत्तरही नोंदीवर राहतं, आणि पुढच्या माणसाला तेच कामी येतं.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगाराच्या बाबतीत केलेलं काम देशात अजोड आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला एक प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात त्यातून रोजगार हमी योजना राज्यभर गेली. १९७७मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. पैसे कुठून आणायचे? १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात आजही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते हेच. शहरातल्या पगारदाराने मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या मजुराच्या कामाचा वाटा उचलायचा, आणि सरकारने तेवढीच रक्कम आपल्याकडून घालायची, अशी ती रचना होती. योजनेवर नजर ठेवायला दोन्ही सभागृहांच्या आमदारांची स्वतंत्र समिती नेमली गेली. ती जिल्ह्यांत जाऊन कामं बघते, मस्टर (मजुरांचे हजेरीपट) तपासते आणि अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावते. प्रश्नोत्तराच्या तासाला जे जमत नाही, ते अशा समितीत जमतं. मला वाटतं, प्रत्येक मोठ्या सरकारी योजनेला अशी समिती असायला हवी होती.

गिरण्यांच्या बाबतीत मात्र विधिमंडळ मागे पडलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचं तोंड दिसलं नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी ५८वा नियम आला: जमीन विकायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी. २००१मध्ये हा नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणगावाच्या शेकडो एकरांचं भवितव्य ठरवणारा हा बदल नगरविकास खात्याच्या अधिसूचनेने झाला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम ठेवला. त्यानंतर लालबाग-परळच्या आमदारांना विचारण्यासारखं उरलं ते एवढंच: कामगारांना घरं किती मिळाली, बाकीच्यांना कधी मिळणार? हा प्रश्न अधिवेशनामागून अधिवेशनं येतच राहिला.

विजेचा इतिहास एन्रॉनशिवाय सांगता येत नाही. जून १९९२मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनशी सामंजस्य करार केला. डिसेंबर १९९३मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार मंडळाने द्यायचाच, आणि दर डॉलरशी बांधलेला, अशा त्याच्या अटी होत्या. वीस वर्षांसाठी राज्याचा खजिना बांधून टाकणारा हा करार सभागृहाच्या मंजुरीने झालेला नव्हता आणि बराच काळ तो लोकांना वाचायलाही मिळाला नाही. तत्कालीन विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे यांनी त्याविरुद्ध रान उठवलं. १९९५मध्ये युतीचं सरकार आल्यावर मुंडे यांच्याच अध्यक्षतेखालच्या उपसमितीने करार तपासला आणि ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी तो रद्द केल्याचं विधानसभेत जाहीर केलं. पण काही महिन्यांतच त्याच सरकारने फेरवाटाघाटी केल्या आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन, २१८४ मेगावॉटचा होऊन परत आला. मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दोनच वर्षांत, मे २००१मध्ये, मंडळाला वीज घेणं परवडेना म्हणून खरेदी थांबवावी लागली. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात एकामागून एक आलेल्या सरकारांच्या कारभारावर ठपका ठेवला. ज्यांनी विरोधी बाकांवरून प्रश्न विचारले त्यांनीच सत्तेत आल्यावर करार केला, हे त्या प्रकरणातलं सर्वात बोचरं सत्य आहे. प्रश्न विचारणारा बाक बदलला की प्रश्नाची धार जाते, आणि तेव्हा नोंदीवरचं जुनं उत्तरच काय ते टिकून राहतं.

त्याच सुमारास उत्तर देणाराही बदलला. १९९९मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला, २००३चा विद्युत कायदा झाला, आणि ६ जून २००५ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्या झाल्या. मुंबईत तर एकाच शहरात बेस्ट, टाटा, अदानी आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण असे वेगवेगळे पुरवठादार आहेत. आमदाराने दरवाढीबद्दल विचारलं की सरकारकडे एक सोयीचं उत्तर तयार असतं: दर ठरवणं आयोगाच्या अखत्यारीत आहे. कायद्याने ते खोटंही नाही. आयोगाच्या जनसुनावणीत कोणीही ग्राहक हरकत घेऊ शकतो, आणि पुण्याची प्रयास किंवा मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्थांनी तिथे आकडेवारीनिशी जे काम केलं, ते अनेक आमदारांच्या भाषणांपेक्षा भारी आहे.

उद्योगांबद्दलचे अलीकडचे वाद बहुतेकांच्या आठवणीत आहेत. सप्टेंबर २०२२मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला, पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये टाटा-एअरबसचा विमान प्रकल्प वडोदऱ्याला होणार हे स्पष्ट झालं. सभागृहात त्यावरून रणकंदन झालं आणि २०२३च्या पावसाळी अधिवेशनात उद्योग खात्याला श्वेतपत्रिका मांडावी लागली. कोरोनाच्या काळात दोन-दोन दिवसांची अधिवेशनं प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय उरकली गेली होती, त्या पार्श्वभूमीवर हेही थोडं नव्हतं. पण अशा वेळी घोषणांचे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकण्यापेक्षा, सवलत घेतलेल्या किती कारखान्यांनी कबूल केलेल्या नोकऱ्या प्रत्यक्षात दिल्या, हे वर्षावर्षाने विचारणं जास्त मोलाचं. मंत्र्याने "तपासून सभागृहाला माहिती देऊ" म्हटलं की ते आश्वासन विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातं. तिथे त्याचा पाठपुरावा करायला चिकाटीचे सभासद लागतात.

विजेतही आमदाराच्या हातून सगळं गेलेलं नाही. २००३च्या कायद्याच्या १०८व्या कलमाखाली राज्य सरकार आयोगाला धोरणात्मक निर्देश देऊ शकतं, म्हणजे असे निर्देश दिले का, कोणते दिले, हे मंत्र्याला विचारता येतं. ६५वं कलम त्याहून उपयोगी आहे. कोणत्याही ग्राहकवर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल, तर अनुदानाची रक्कम सरकारने वीज कंपनीला आगाऊ भरायची असते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची घोषणा २०२४मध्ये झाली. त्यापोटी कोणत्या तिमाहीत किती रक्कम देय होती, त्यातली किती भरली, किती थकली, आणि थकली असल्यास विलंबाची कारणे काय आहेत, या प्रश्नाला "आयोगाच्या अखत्यारीत" असं उत्तर देता येत नाही.