नोटीस आली असेल तर साहेबांना भेटण्याआधी हे वाचा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ऑफिसात हा प्रसंग इतक्यांदा घडला आहे की आता संवाद पाठ झालेत. माणूस येतो, पिशवीतून कागद काढतो आणि म्हणतो, "काळ्या यादीत टाकलंय हो आम्हाला, काहीतरी करा." कागद बघावा तर तो सरकारी टेंडरांतून बाद करणारा शेवटचा आदेश. मग आम्ही विचारतो, याच्या आधी नोटीस आली असेल ना? क्षणभर शांतता. "आली होती, पण साहेबांशी बोलणं झालं होतं."

हे पत्रक त्या शेवटच्या वाक्यासाठी छापलं आहे. टेंडर कसं भरायचं, डिजिटल सही कुठून काढायची, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर माल कसा चढवायचा हे तुम्हाला येतं, म्हणून ते इथे पुन्हा लिहीत नाही. हिंदी प्रत काउंटरवर आहे. मराठी प्रत मुद्दाम काढली, कारण आपल्याकडच्या पुष्कळ फर्मचा नोंदवलेला पत्ता घराचाच असतो. पोस्टमन येतो तेव्हा मालक दुकानात असतो आणि पाकीट वहिनींच्या किंवा आजींच्या हातात पडतं. तेव्हा हे पत्रक घरी, पाकिटं ठेवता त्याच जागी ठेवा.

बोलणं झालं, पण फाईलमध्ये काय लागलं?

एका ग्राहकाचं उदाहरण देतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्यांनी एका सरकारी वसतिगृहाला चादरी पुरवल्या. नमुना पास झाला, पण पुढच्या गठ्ठ्यातल्या काही चादरी रुंदीला कमी निघाल्या. सात दिवसांत उत्तर द्या अशी नोटीस आली. हे ग्राहक भाऊ दोन चादरी काखेत मारून थेट ऑफिसात गेले. अधिकाऱ्याने चहा पाजला, चादरी उलगडून पाहिल्या आणि म्हणाले, "ठीक है, देख लेंगे।" भाऊ निश्चिंत होऊन घरी आले. पुढे त्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि दोन महिन्यांनी आदेश आला. त्यातली एक ओळ अशी: "नियत अवधि में आपके द्वारा कोई उत्तर प्रस्तुत नहीं किया गया।"

वाईट याचं वाटतं की गठ्ठा आपल्याच चुकीने बदलला, दहा दिवसांत नवा माल देतो, असं गिरणीचं लेखी पत्र भाऊंच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. ते एक पान आवक शिक्का मारून फाईलमध्ये लागलं असतं, तर बहुधा माल बदलून प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण फाईलमध्ये चहा चढत नाही, कागद चढतो. नव्या साहेबांनी फाईल उघडली, उत्तर दिसलं नाही, सही केली. त्यांचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही.

साहेबांना भेटू नका असं आमचं म्हणणं नाही. भेटा, जरूर भेटा. पण आधी उत्तर द्या, प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, तीच प्रत स्पीड पोस्टने आणि नोंदवलेल्या ईमेलवरूनही पाठवा, आणि मग चहा प्या. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपायच्या आत वाढवून मागा, तेही लेखीच. समक्ष सुनावणी हवी असेल तर उत्तराच्या शेवटी तसं एक वाक्य लिहा.

नोटिशीत एक ओळ शोधा

नोटीस हातात आली की घाबरून "कार्रवाई" एवढाच शब्द वाचू नका. तुमचा करार तोडायचा, दंड लावायचा आणि पुढच्या टेंडरांतून बाहेर काढायचं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. "क्यों न आपकी फर्म को काली सूची में डाला जाए" किंवा "क्यों न आपको निविदाओं से प्रतिबंधित किया जाए" अशी ओळ आहे का, ते बघा. आम्ही पहिल्यांदा तिथेच पेन्सिलीने खूण करतो.

या एका ओळीवर सर्वोच्च न्यायालयात प्रकरणं लढली गेली आहेत. बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कुणाला काळ्या यादीत टाकता येत नाही, हे एरुशियन इक्विपमेंटच्या प्रकरणात सत्तरच्या दशकातच ठरलं. 2014 मध्ये गोरखा सिक्युरिटीच्या निकालाने पुढचं सांगितलं: बंदीचा विचार चालू आहे हे नोटिशीतून स्पष्ट कळलं पाहिजे. आणि 2020 च्या नोव्हेंबरमधला यूएमसी टेक्नॉलॉजीजचा निकाल तर आपल्या गावाशी जोडलेला आहे. भारतीय खाद्य निगमाच्या मध्य प्रदेश विभागाची चौकीदार भरतीची परीक्षा 2018 मध्ये झाली, ग्वाल्हेरमध्ये काही लोक हाताने लिहिलेले कागद घेऊन पकडले गेले, आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीवर निगमाने पाच वर्षांची बंदी घातली. नोटिशीत कराराची कलमं होती, पण बंदी घालण्याचा इरादा नीट लिहिलेला नव्हता. न्यायालयाने बंदी रद्द केली.

हे सांगितलं की काही जण खूश होऊन म्हणतात, मग आमच्या नोटिशीत ती ओळ नाही, उत्तरच देत नाही! असं करू नका. उत्तर द्या आणि त्यातच हा मुद्दा नोंदवा. कोर्टात जायची वेळ आली तर तुमचं जुनं उत्तर हाच तुमचा पाया असतो. उच्च न्यायालयाचं खंडपीठ गावातच असल्यामुळे आपल्याकडे लोकांना रिट, म्हणजे आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज करणं, हे शेजारच्या गल्लीत जाऊन येण्याइतकं सोपं वाटतं. तारखा मोजायला बसलात की कळेल.

बंदी कोणाची आणि किती दिवसांची

केंद्र सरकारच्या खरेदीला सामान्य वित्तीय नियम 2017 लागू होतात. त्यातला नियम 151 बंदीचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 खाली शिक्षा झाली, किंवा सरकारी कंत्राट पुरं करताना जीवित वा मालमत्तेची हानी केल्याबद्दल, सार्वजनिक आरोग्याला धोका पोहोचवल्याबद्दल गुन्हा सिद्ध झाला, तर जास्तीत जास्त तीन वर्षं. सचोटीच्या संहितेचा भंग केला, म्हणजे लाच, खोटी माहिती, आपसांत भाव ठरवणं असलं काही केलं, तर खरेदी करणारं खातं जास्तीत जास्त दोन वर्षं बाहेर ठेवू शकतं. ही संहिता नियम 175 मध्ये आहे.

यावर वित्त मंत्रालयाने 2 नोव्हेंबर 2021 ला सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. बंदी, निलंबन, ब्लॅकलिस्ट, शब्द कुठलाही वापरला तरी अर्थ एकच, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा "आम्हाला फक्त सस्पेंड केलंय, ब्लॅकलिस्ट नाही" हा युक्तिवाद इथे चालत नाही. निकृष्ट माल, माल न देणं, काम अर्धवट सोडणं, बोली सुरक्षा घोषणापत्र (बयाण्याऐवजी दिलेली लेखी हमी) मोडणं ही कारणंही त्यांत धरली आहेत. आपल्या ग्राहकांची बहुतेक प्रकरणं यातच बसतात, लाचलुचपतीत नव्हे. बंदी सहसा सहा महिन्यांपेक्षा कमी नसावी आणि आदेशात थोडक्यात का होईना कारण असावं, असंही त्यांत आहे. मुदत संपली की बंदी आपोआप उठते, वेगळा आदेश लागत नाही.

एका मंत्रालयाची बंदी त्या मंत्रालयापुरती असते. सगळ्या मंत्रालयांना लागू करायची तर प्रस्ताव वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाकडे जातो. सिथौलीचा रेल्वे स्प्रिंग कारखाना, डीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था, टेकनपूरची बीएसएफ अकादमी हे केंद्राचे खरेदीदार. नगर निगम, राज्याची खाती, शाळा-वसतिगृहं यांचे नियम राज्याचे, मुख्यतः मध्य प्रदेश भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियम 2015. जेमचं स्वतःचं वेगळं धोरण आहे. तिथे खरेदीदार तुमच्यावर 'इन्सिडेंट' म्हणजे तक्रार टाकतो, नोटीस डॅशबोर्डवर आणि ईमेलवर येते आणि उत्तराला मोजके दिवस मिळतात. म्हणून नोटीस कुठल्या घरची आहे हे आम्ही आधी विचारतो. एका घरचं औषध दुसऱ्या घरी चालत नाही.

आदेशात मुदतच लिहिली नसेल किंवा "कायमचं" असं लिहिलं असेल, तर तो कागद आम्हाला दाखवाच. कुलजा इंडस्ट्रीज विरुद्ध बीएसएनएल या 2013 च्या निकालात कायमची बंदी टिकली नाही. जेवढी चूक तेवढीच शिक्षा असावी लागते.

बायकोच्या नावाने नवी फर्म

हा प्रश्न दर दुसरा माणूस आवाज खाली करून विचारतो. उत्तर मोठ्यानेच देतो: नाही. केंद्राच्या सूचनांप्रमाणे बंदी संलग्न फर्मना आपोआप लागू होते. व्यवस्थापन एकच आहे का, भागीदार तेच आहेत का, बहुसंख्य शेअर कुणाचे, लगाम कुणाच्या हाती, हे तपासतात. उत्तराधिकारी फर्मही त्यात धरतात. तोच जीएसटीचा पत्ता, तोच मोबाईल, तेच गोदाम आणि पाटीवर फक्त नाव नवं, हे टेंडर समितीला कळायला वेळ लागत नाही. वहिनींचा स्वतःचा खराखुरा धंदा असेल तर गोष्ट वेगळी, ती कागदांवरून दाखवता येते. नुसती पाटी बदलायचं काम आम्ही घेत नाही. त्यामुळे काही ग्राहक गेले, त्याला इलाज नाही.

चालू ऑर्डर थांबवू नका

बंदीचा आदेश आला की घाबरून काही जण जुन्या ऑर्डरचा मालही पाठवायचं बंद करतात. ही चूक दुहेरी महागात पडते. केंद्राच्या सूचनांनुसार बंदीच्या आधी झालेले करार बंदीमुळे बाधित होत नाहीत. माल थांबवलात तर बंदीच्या वर माल न दिल्याचा नवा ठपका येतो. उलट, टेंडर आधीच भरलेलं असेल आणि तांत्रिक बोली उघडायच्या दिवशी किंवा कराराच्या दिवशी तुमच्यावर बंदी असेल, तर बोली बाजूला पडते. तुम्ही एल-वन, म्हणजे सर्वांत कमी भाववाले, असलात तरी पुढचा एल-वन होतो. बयाणा मात्र परत मिळतो. तो बुडाला असं समजून सोडून देणारेही आम्ही पाहिले आहेत.

शपथपत्रावर सही करताना

"आम्ही काळ्या यादीत नाही" असं घोषणापत्र प्रत्येक टेंडरला लागतं. बहुतेक जण ते मागच्या टेंडरच्या फाईलमधून तारीख बदलून छापतात. मजकूर वाचा. "सध्या बंदी नाही" आणि "गेल्या तीन वर्षांत बंदी नव्हती" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बंदी उठलेली असेल तर पहिलं खरं ठरतं आणि दुसरं खोटं. नियम 175 मध्ये मागच्या तीन वर्षांतले भंग आणि दुसऱ्या खात्याने घातलेली बंदी सांगण्याची जबाबदारीच तुमच्यावर टाकली आहे. सांगितलंत तर एखादं टेंडर हातचं जाईल. लपवलंत तर खोटी माहिती दिल्याचं नवं प्रकरण उभं राहील, आणि तिथे गिरणीचं पत्र कामाला येणार नाही.

आमची पद्धत, आणि लोक का रागावतात

नोटीस वाचून तिचा अर्थ सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. उत्तर तयार करायचे घेतो, आणि निम्मे आगाऊ. मूळ नोटीस, तिच्या मागची पानं आणि पाकीट पाहिल्याशिवाय आम्ही उत्तराला हात लावत नाही. व्हॉट्सअॅपवर पहिल्या पानाचा तिरका फोटो येतो आणि खाली "अर्जंट" लिहिलेलं असतं. पण जोडपत्रांची यादी दुसऱ्या पानावर असते, आणि मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची असेल तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काच कामी येतो. ते पाकीट फाडून टाकू नका. इतकं जपलं तरी पुरे.

दुसऱ्याचं उत्तर नाव बदलून वापरणंही आम्ही बंद करायला लावतो. एका भावांनी बाजारातून आणलेलं तयार उत्तर दिलं. त्यात तिसऱ्या परिच्छेदात भलत्याच फर्मचं नाव राहून गेलं होतं, आणि माल चादरी असताना उत्तर ट्यूबलाइटबद्दल होतं.

ओळख लावून देतो असं आम्ही कुणाला सांगत नाही, कारण तशी ओळख आमच्याकडे नाही आणि असती तरी वापरली नसती. रिट करायची वेळ आली तर ते वकिलांचं काम. आम्ही तारखांचा तक्ता आणि लावलेली फाईल हातात देतो, म्हणजे वकिलांचा आणि तुमचा वेळ वाचतो.

शेवटची गोष्ट ईमेलची. तुमच्या जेम खात्यात किंवा टेंडर पोर्टलवर कुणाचा ईमेल नोंदवलेला आहे, ते आजच बघा. चार वर्षांपूर्वी दुकानात बसणाऱ्या मुलाचा असेल, आणि तो मुलगा आता पुण्यात नोकरीला असेल, तर नोटिसा त्याच्याकडे जात असतील. आमच्या वार्षिक कामात पोर्टल आणि ईमेल रोज उघडून बघणं धरलेलं आहे, पण फक्त ईमेल बदलून हवा असेल तर तेवढंही करून देतो, त्याचे पैसे नाहीत.

येताना नोटीस, पाकीट, मूळ ऑर्डर, चलान आणि माल पोहोचल्याची सही एवढं आणा. दुपारी दीड ते तीन शटर अर्धं खाली असतं, आम्ही वर जेवत असतो. नोटिशीची मुदत त्याच दिवशी संपत असेल तर खालून हाक मारा.